म्हशीची रेष

मास्तरांना किती वाजले हे विचारायची सोय नव्हती. मनगटावर घड्याळ असे, तेही चालू, तरी उत्तर ठरलेलं: "साडेदहा होऊन गेले, अकरा व्हायचेत." मधलं काय ते ज्याचं त्यानं बघायचं. घरून कधी निघता म्हणून विचारलं तर "आठच्या आत नाय, साडेआठच्या भायेर नाय." कँटीन चालवणाऱ्या बाईंना चहातली साखरसुद्धा ते अशीच सांगायचे, "एक चमच्याच्या खाली नको, दीडच्या वर नको." बाईंनी एकदा वैतागून साखरेचा डबाच त्यांच्यापुढं आपटला. मास्तरांनी जराही न रागावता अंदाजानं सव्वा चमचा घेतला, ढवळला, आणि चहा उत्तम झालाय असं सांगून त्यांना आणखी वैताग आणला.

खरं तर ते मास्तर नव्हतेच. कुठल्या शाळेत त्यांनी एक तासही घेतलेला नव्हता. चितेगावला पैठण रोडवर जनावरांच्या खाद्याचा एक बेताचा कारखाना आहे, तिथं ते खाद्याचं मिश्रण ठरवायचे. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि खोडरबर, काखेत फूटपट्टी आणि आलेख कागदांची गुंडाळी, अशा थाटात माणूस रोज गेटमधून आत यायला लागल्यावर कामगार त्याला दुसरं काय म्हणणार? मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आणि तिथल्या प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक काटा, एक भट्टी आणि मी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे जरा ताठ्यातच होते. मास्तरांनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं असावं. त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "ए बीएस्सी, हिकडं ये," अशी हाक सगळ्या कारखान्याला ऐकू जायची.

त्यांचं काम कसं चालायचं हे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. खाद्यात दहा-बारा वस्तू पडतात. पण सरकीची पेंड, मळी, मीठ, क्षार यांचं प्रमाण वर्षभर साधारण ठरलेलं. दर आठवड्याला मस्ती करायचे ते दोघेच, मका आणि गव्हाचा कोंडा. आज मका स्वस्त, उद्या कोंडा गायब. म्हणून मास्तरांच्या आलेखालाही अक्ष दोनच. आडवा मक्याचा, उभा कोंड्याचा. दर सोमवारी सकाळी नवा आलेख कागद टेबलावर चिकटवायचा आणि एकेक अट रेषेनं काढायची. क्विंटलमागं मका नि कोंडा मिळून साठ किलोच्या वर नको, ही एक तिरपी रेष. मका वीस किलोच्या खाली नको, ही एक उभी. गोदामात कोंडा आहे तेवढाच आहे, त्याच्या वर जाता येत नाही, ही एक आडवी.

रेष काढली की कागदाचे दोन भाग होतात, एक चालणारा आणि एक न चालणारा. कुठला कुठला, हे ठरवायला मास्तरांचा एकच मंत्र होता: "शून्याला इचार." शून्य म्हणजे कागदाचा खालचा डावा कोपरा, जिथं मकाही नाही नि कोंडाही नाही. शून्य आणि शून्य मिळून साठच्या आत आहेत का? आहेत. मग शून्याची बाजू चालते, पलीकडची चालत नाही. शून्य मका म्हणजे वीसच्या वर का? नाही. मग त्या रेषेच्या बाबतीत शून्याची बाजू बाद.

इथं आमचं पहिलं भांडण झालं. मी कॉलेजात शिकले होते की जी बाजू चालते ती रंगवायची. मास्तर उलटं करायचे. जी बाजू चालत नाही तिच्यावर पेन्सिलीनं रेघोट्या मारायचे.

"पुस्तकात असं नसतं," मी म्हणाले.

"मग पुस्तकातल्या म्हशीला घाल ते खाद्य," मास्तर म्हणाले. "जे चालतं ते कामून घाण करायचं? नको ते खोड. शेवटाला जे पांढरं राहील ते आपलं."

सहा-सात रेषा झाल्या, सगळ्यांच्या नको त्या बाजू खोडल्या, की कागद नुसता काळपट होऊन जायचा आणि मधोमध एक चौकोनी, कधी पाचकोनी पांढरा तुकडा उरायचा. त्या तुकड्यातला कुठलाही बिंदू घ्या, सगळ्या अटी पाळल्या जातात. कबूल करायला जिवावर येतं, पण डोळ्यांना त्यांचीच पद्धत सोपी होती.

त्यातही त्यांचा एक कायदा होता. प्रत्येक रेषेच्या टोकाला ती कुणाची आहे ते लिहायचं. कोंड्याच्या साठ्याच्या रेषेवर "गोदाम". यंत्रात एका वेळी मावण्याच्या रेषेवर "मशीन". मालकांनी सांगितलेल्या अटीवर "मालक". ज्या अटी जनावराच्या पोटासाठी असत त्यांच्यावर "म्हैस" असं लिहायचं, आणि या रेषा पेनानं, शाईत काढायच्या. बाकीच्या पेन्सिलीत.

मालक हौशी गृहस्थ होते. एकदा कागद बघून हसत म्हणाले, "मास्तर, माझी रेष पेन्सिलीत आणि म्हशीची शाईत? मान ठेवा की जरा."

"तुमी हितं केबिनमधी हायेत मालक. रेष सरकवायची झाली तर येऊन इचारता येतं. तिला कुठं इचारायला जाऊ?"

मालक त्या दिवशी हसले, पण एका गोष्टीवर मात्र त्यांचं नि मास्तरांचं कायमचं वाजायचं. पांढऱ्या तुकड्यातलं सगळ्यात स्वस्त मिश्रण नेहमी त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतं. हे गणितच आहे, त्यात कुणाचं काही चालत नाही. मास्तर फूटपट्टी तिरपी धरून हळूहळू सरकवत न्यायचे, तुकडा सोडून जाता जाता ती शेवटी ज्या कोपऱ्याला चिकटायची तो शोधायचे, आणि मग त्या कोपऱ्यावर टिंब न देता एक चौकोन आत द्यायचे. एकच. आलेख कागदावरचा एक बारका चौकोन म्हणजे दोन किलो.

"कोपऱ्यात स्वस्त पडतं ना? मग आत कशाला शिरता दर वेळी?" मालक विचारायचे.

"गोदामातला काटा खाली-वर होतो. मका वला येतो. मिसळणाऱ्याचा हात कधी जड पडतो. कोपऱ्यावर बसलो आनि जरा ढकललं तर थेट रेघोट्यात."

"दोन किलोनं काय होतंय?"

"काय व्हत नाय. म्हनूनच सोडतो."

आलेख कागद कारखान्यानं घेतलेला त्यांना चालत नसे. महिन्यातून एकदा शहरात गुलमंडीच्या बाजारात जाऊन एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातून दस्ता आणायचे. मला एकदा बरोबर नेलं होतं. दुकानदार त्यांना बघताच म्हणाला, "आओ मास्तर, भैंस के डॉक्टर आ गए." मास्तरांनी प्रत्येक कागद ट्यूबलाइटपुढं धरला, दोन ठिकाणी फूटपट्टी लावून चौकोन सारखे आहेत का ते तपासलं, आणि पंचवीसातले चार परत केले. मी शरमेनं बाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लाजायचं काय त्याच्यात? कागदच वाकडा असला तर मी सरळ राहून उपेग काय?"

मुलीचं लग्न जमवतानाही त्यांनी कागदच काढला, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना तोंडपाठ होती. आडव्या अक्षावर सासरचं अंतर, उभ्या अक्षावर घरातली माणसं. बायकोची अट होती की सासर दीडशे किलोमीटरच्या आत हवं आणि घरात निदान चार तरी माणसं हवीत, पोरगी एकटी पडायला नको. मुलीची अट अशी की घरात तिघांहून जास्त नकोत आणि सासर शंभर किलोमीटरच्या आत अजिबात नको. ही शेवटची अट बापासाठीच होती, हे मास्तरांनाही कळत होतं. त्यांनी सगळ्या रेषा इमानेइतबारे काढल्या, मायलेकींकडून प्रत्येक रेषेवर सही घेतली आणि रेघोट्या मारल्या. पांढरं काहीच उरलं नाही. वरच्या रेघोट्या मुलीच्या आणि खालच्या बायकोच्या, मध्ये तिळाएवढीसुद्धा जागा नाही.

मायलेकी त्या कागदाकडं बघत बसल्या. मास्तर म्हणाले, "मी रेष सरकवत नाय. ज्याची त्यानं सरकवावी." दोन दिवस कागद टेबलावर तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठून बघतात तर माणसांच्या दोन्ही रेषा रबरानं खोडलेल्या होत्या. कुणी खोडल्या ते दोघींनीही सांगितलं नाही. मुलगी नांदेडला दिली. म्हणजे अंतराची आईची रेष नंतर भलतीच ताणली गेली, पण मास्तर म्हणायचे, तिथं सही करणारीनंच पोरगा बघून हो म्हटलं. मुलीला बापापासून वाचवणारी शंभर किलोमीटरची अट त्यातून शाबूत राहिली.

आता मास्तर रिटायर झालेत. शहराच्या कडेच्या सातारा परिसर नावाच्या वस्तीत राहतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि शेजारच्या माणसाची गाडी फाटकासमोर किती सेंटीमीटर पुढं आली तर चालेल यावर त्यांचं त्याच्याशी पटत नाही. कारखान्यात मिश्रण संगणक काढतो. दहा-बारा वस्तू एकदम घेतो आणि चुटकीसरशी उत्तर देतो. तो संगणक माझ्या ताब्यात आहे. मला काही त्याच्याविषयी तक्रार नाही. पण तो येण्याआधीच्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण आहे. मास्तर कोण होते हे कुणी विचारलं की मी सांगते ते हेच, आणि त्यात माझी बाजू काही फार शोभिवंत नाही.

त्या उन्हाळ्यात मास्तरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली, धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. जाताना मास्तरांनी आलेखाचं काम माझ्यावर सोपवलं. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले होते, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या आठवड्यात कोंडा एकदम महागला होता आणि मका उतरला होता.

"बीएस्सी, उद्या एक रेष वाढव. म्हशीची, शाईत. कोंडा मक्याच्या निम्म्याहून कमी नको."

"ही रेष आपण कधी काढत नाही."

"कधी गरजच नाय पडली. कोंडा स्वस्त असतो, आपसूक जास्त पडतो. यंदा कागद मक्याकडं पळंल. बायामान्सं नव्या व्यालेल्या म्हशीला वाढवून घालतात, आनि ह्या दिवसांत कडबा कमी. नुसता मका गेला पोटात तर फुगून मरंल जनावर."

मी बरं म्हटलं आणि सोमवारी सकाळी रेष काढली. ही रेष इतरांसारखी नव्हती. मका शून्य तर निम्मा शून्य, म्हणजे ती थेट शून्यातूनच निघत होती. पण मंत्र ठरलेला होता. मी शून्याला विचारलं. शून्य कोंडा शून्य मक्याच्या निम्म्याहून कमी आहे का? नाही. म्हणजे शून्य चालतो, शून्याची बाजू ठेवायची. आता शून्य कुठं? खाली. म्हणून मी रेषेची खालची बाजू ठेवली आणि वरच्या बाजूवर रेघोट्या मारल्या.

तो कागद आज बघितला की चूक लगेच दिसते. शून्य त्या रेषेच्या खालीही नव्हता नि वरही नव्हता, रेषेवरच होता. रेषेवरचा बिंदू कुठली बाजू सांगणार? दुसरा कुठलाही बिंदू धरून विचारलं असतं, दहा किलो मका नि दहा किलो कोंडा असा, तर लगेच कळलं असतं. पण मास्तरांनी शून्यालाच विचारायला शिकवलं होतं आणि मी शून्यालाच विचारलं. म्हशीचा जीव वाचवायला काढलेली रेष मी उलटी करून टाकली. मग फूटपट्टी सरकवली, कोपरा शोधला, एक चौकोन आत आले. क्विंटलमागं मका पन्नास, कोंडा आठ. निम्मा म्हणजे पंचवीस हवा होता.

मिसळणारे कामगार म्हणाले, "मॅडम, कोंडा लई कमी वाटतोय."

"कागदावर तसंच आहे," मी म्हणाले.

मालकांनी भाव बघितला आणि खूष झाले. "मास्तरांच्या वरताण निघालात की मॅडम!" असं सगळ्यांसमोर म्हणाले. ते मी घरी जाऊन आईला सांगितलं.

पुढच्या सोमवारी अजिंठ्याकडच्या एका विक्रेत्याचा फोन आला. त्याच्याकडं चाळीस पोती गेली होती, सदतीस तशीच होती, तीन गेली होती. तिन्ही एकाच घरी, आणि त्या घरची नुकतीच व्यालेली म्हैस काल संध्याकाळपासून चारा तोंडात घेत नव्हती. डाव्या बाजूनं फुगली होती.

मास्तरांची सुट्टी अजून संपली नव्हती, पण ते त्याच सकाळी हजर झाले होते, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. घरी बसवत नाही म्हणून आले म्हणे. फोनचं ऐकताच माझ्या टेबलाशी आले आणि गेल्या आठवड्याच्या कागदाला नाक लावून उभे राहिले. मी बाजूलाच होते. त्यांचं बोट शून्यापासून त्या शाईच्या रेषेवरून वर सरकत गेलं, मग रेघोट्यांवर थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं का नाही, काळ्या चष्म्यातून कळलं नाही. त्या बोटानं मला सगळं कळलं होतं.

मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "कागद कुणी काढला?"

मास्तर म्हणाले, "चूक माझी हाये."

"तुम्ही तर सुट्टीवर होता."

"मी सांगितलं तसंच तिनं काढलं. सांगण्यात चूक झाली."

मालक माझ्याकडं वळले. "असंच ना मॅडम?"

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. आठवड्यापूर्वी याच माणसानं मला वरताण म्हटलं होतं. नोकरीला दोनच वर्षं झाली होती. मी खाली बघितलं आणि मान हलवली, कुठल्या दिशेनं ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. मालकांनी ती "हो" अशी घेतली. मास्तरांना ते जे बोलले ते इथं लिहीत नाही. म्हातारपण, डोळे, हट्टीपणा सगळं निघालं. मास्तर उभे राहून ऐकत होते.

"पोती परत आणायला मी जातो," ते शेवटी म्हणाले. "आनि हिला संगं नेतो."

कारखान्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मास्तर आणि दाराशी मी. शहर ओलांडून फुलंब्रीपर्यंत ड्रायव्हरनंच काय ते दोनदा, "मास्तर, काच चढा लो, आँख में धूल जाती," म्हणून सांगितलं. मास्तरांनी काच अर्धी वर केली.

शेवटी मीच म्हणाले, "मास्तर, तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कुठं बोललो? शून्यातनं जाणारी रेष तुला कधी दाखवलीच नाय मी. दोन वर्षं 'शून्याला इचार, शून्याला इचार' करून डोकं खाल्लं, आनि शून्य सोताच रेषेवर बसला तर काय करायचं, ते सांगायचं राह्यलं. कागदावरची चूक माझीच हाये. ती मी घेतली."

मला एकदम हलकं वाटलं. सिल्लोडच्या अलीकडं मास्तर पुन्हा बोलले.

"केबिनमधी मान हलवलीस ती मातर तुझी. ती मी घेणार नाय."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मालकांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन खरं काय ते सांगितलं, त्याचं जे व्हायचं ते झालं. पण टेम्पोत बसून मी तेवढाही निश्चय केलेला नव्हता. खिडकीबाहेर बघत बसले होते.

घर गावाच्या कडेला होतं. गोठ्यात ती म्हैस मान खाली घालून उभी होती आणि तिचं पारडू बाजूला बांधलेलं, दावं ताणून आईकडं ओढ घेत होतं. घरातली एकटीच दुभती. घरधनीण पन्नाशीची, पदर खोचलेला, रात्रभर जागी असावी. डॉक्टर सकाळी येऊन औषध पाजून गेले होते. तिला चालती ठेवा, खाली बसू देऊ नका, असं सांगून गेले होते.

"वास लई झाक होता खाद्याला," ती मास्तरांना सांगत होती. "ती बी आवडीनं खाय. व्यालीये म्हनून मी दोन घमेली जादा घातली. म्याच मारली का काय तिला?"

"नाय बाई. तुमी आई घालती तसं घातलं. खाद्य आमचं चुकलं."

मास्तरांनी दावं सोडून घेतलं आणि म्हशीला अंगणातल्या हौदाभोवती फिरवायला सुरुवात केली. ड्रायव्हर म्हणाला मी फिरवतो, मी म्हणाले मी धरते, पण त्यांनी दावं कुणाला दिलं नाही. भर उन्हात, काळा चष्मा लावलेला तो बारकासा माणूस आणि मागं ती फुगलेली म्हैस, दहा पावलं चालायची, थांबायची, पुन्हा दहा पावलं. गरम धूळ उडत होती. ते मध्येच बाहीनं चष्म्याखालून पाणी पुसत होते, आणि मला डॉक्टरांचं बजावणं आठवत होतं. कधी तिच्याशी बोलायचे. "चाल माय, चाल. अजून एक चक्कर."

दुपार कलली तेव्हा म्हैस थांबून पोटातून ढेकर दिल्यासारखा आवाज करून उभी राहिली. मग तिनं शेणाचा पो टाकला. बाई धावत आली, बघितलं आणि खाली बसून कपाळाला हात लावला. "आलं, आलं मोकळं," म्हणाली. मास्तरांनी दावं तिच्या हातात दिलं आणि हौदाच्या कठड्यावर टेकले. म्हैस गोठ्यात नेऊन बांधली. बाईनं हात धुतले, मास्तरांना पाणी दिलं, आणि मग ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते ते विचारलं.

"एवढे जाणते तुमी. तुमच्या हातून कसं काय झालं हे?"

मास्तरांनी तांब्या तोंडाला लावला आणि पीत राहिले. पाणी संपलं तरी तांब्या खाली आला नाही.

"मावशी," मी म्हणाले, "त्यांच्या हातून नाही झालं. माझ्या हातून झालं. कागद मी काढला होता. उलटा काढला."

बाई माझ्याकडं वळली. पायातल्या चपलांपासून ओढणीपर्यंत तिनं मला बघून घेतलं. ती आता ओरडेल असं मला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या घरी हाये का म्हैस?"

"नाही."

"कितीक वर्सं झाली तिथं कामाला?"

"दोन."

"हात तरी लावलाय का कधी म्हशीला?"

दोन वर्षं मी म्हशींच्या पोटात काय जावं ते तोलत होते, जाळून राख मोजत होते, शाईत त्यांची रेष काढत होते. "नाही," मी म्हणाले. ते दुसऱ्या दिवशी मालकांसमोर खरं बोलण्याहूनही अवघड गेलं.

"मंग तुला काय कळनार माय. ये हिकडं."

तिनं माझं मनगट धरून मला गोठ्यात ओढत नेलं आणि माझा पंजा म्हशीच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागच्या खळग्यात दाबून धरला. कातडं गरम आणि खरखरीत होतं. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि परत फिरवली.

"दाब. अजून दाब. आता उगी ऱ्हा."

काहीच कळेना. दारात मास्तर येऊन उभे राहिले होते, मला त्यांच्या चपला दिसत होत्या. मग माझ्या तळव्याखाली आतून काहीतरी हळूच वर आलं, माझा हात त्यानं उचलला, आणि तितकंच हळू परत खाली गेलं.

"आलं का?"

"आलं."

"पोट चालू झालं तिचं. अजून एकदा यील. तवर हात काढू नको."

मी हात काढला नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मला एकदम रडू कोसळलं, आवरता आवरेना, नाक-डोळे सगळं वाहायला लागलं. बाईनं माझ्या हातावरचा तिचा हात तसाच ठेवला.

"रडू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "बुजंल ती."